चटईखाली तुझी जागा

सवाईई बेट,
१४ डिसेंबर २०१९

सेमिसी,

आशीर्वाद. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पाद्रीबाईंचा भाचा परवा ब्रिस्बेनला निघालाय, त्याच्या हातून पाठवते आहे.

इकडे नीरफणसाला यंदा उदंड फळ आलंय. पण वेचायला पोरंच बाहेर नाहीत. गोवराच्या साथीमुळे शाळा बंद, चर्चमध्ये मुलांना मनाई, नाताळची गाणी बसवायचीसुद्धा थांबलीत. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझा एतुआले बरा आहे. अंगावरचे डाग फिकट झाले. खोकला अजून हटला नाही, पण काल नारळाच्या दुधातले अळूचे कंद दोनदा मागून घेतले आणि तेउइलाशी भांडलासुद्धा. बहिणीची वेणी ओढण्याइतकी ताकद आली म्हणजे झालं.

तो बरा झाल्याचं तू जगाला सांगितलंसच म्हणा. तुझ्या बायकोनंच, पेनिनानं, मला तुझा व्हिडिओ दाखवला. पांढरा शर्ट, मागे क्रूस, हातात जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली. "माझ्या मुलाला सुई लावू दिली नाही. देवानं दिलेली प्रतिकारशक्ती आणि या गोळ्या, एवढ्यावर माझा वाघ उठून बसला!" आणि खाली लोकांचे अंगठेच अंगठे.

ऑक्सिजनची नळी कुठे गेली रे तुझ्या व्हिडिओतून? तुझा वाघ इस्पितळाच्या व्हरांड्यात निळा पडला होता. खाट नव्हती, पेनिना जमिनीवर त्याला मांडीत घेऊन बसली होती. मीच तुला तिथून फोन केला होता. तेव्हा रडलास. मग तेच सांगायचं होतंस लोकांना.

तू म्हणशील, ताई, गेल्या वर्षीची ती दोन बाळं विसरलीस का? नाही विसरले. लस टोचली आणि ती गेली, तेव्हा सगळं बेट हादरलं होतं, मीही. पण लशीत चुकीचं औषध मिसळलं गेलं होतं, हे पुढे कोर्टात उघड झालं. चूक मिसळणाऱ्या हातांची होती. घाबरलेल्या आईबापांवर मी रागावत नाही, पेनिनावरही नाही. नोव्हेंबरात लसवाले दारात आले, तेव्हा ती बिचारी पोराचा दंड उघडा करून उभी होती. फक्त नवऱ्याला विचारावं म्हणून तिनं फोन लावला. आणि तू काय म्हणालास? "टोचलंस तर माझ्या घरात राहू नकोस." लसवाले पुढच्या घरी गेले.

स्वतःचं काय रे? आईनं तुला कडेवर घेऊन लस टोचून आणली होती. मी बरोबर होते. असं भोकाड पसरलं होतंस की परतताना तुला गप्प करायला आईला नारळाच्या वड्या घ्याव्या लागल्या. ते टोचलेलं अंग घेऊन तू दुसऱ्यांच्या लेकरांना शौर्य शिकवतोस!

इथपर्यंत जे लिहायचं टाळलं, ते आता लिहिते.

शेजारच्या वाओसाला नात झाली होती, फिलेमू. तिच्या लेकीची, लूपेची, पहिली मुलगी. चार महिन्यांची. लस घ्यायचं तिचं वयच नव्हतं. तिच्या आजूबाजूच्यांनी घ्यायची, म्हणजे तिच्यापर्यंत काही पोचत नाही. एतुआलेचा तिच्यावर किती जीव! अंगावर डाग यायच्या आधी, नुसतं नाक वाहत होतं तेव्हा, तो रोजच्यासारखा जाऊन तिच्या गालाला गाल लावून बसला. सात वर्षांच्या पोराला काय कळणार? त्याला कुणी काही बोललेलं नाही, मी बोलू देणार नाही.

गेल्या रविवारी फिलेमू गेली.

तू फोनवर विचारलंस, "शेजारी रडारड कसली?" मी म्हणाले, "आजारपण आहे." माझ्या तोंडून निघेना.

आपल्या घरामुळे कुणाचं मरण ओढवलं की आपण काय करतो, हे तुला मी सांगायला नको. गुरुवारी पहाटे मी आणि पेनिना वाओसाच्या अंगणात माफी मागायला जाऊन बसलो. माफीसोबत द्यायची म्हणून आईची बारीक विणीची चटई नेली होती, ती डोक्यावरून पांघरली, माना खाली घातल्या. ऊन चढलं. आतून लूपेच्या नवऱ्याचा आवाज आला, "दगड घाला त्यांच्या डोक्यात!" मी पेनिनाचा हात धरला. पडला असता दगड तर पडला असता.

शेवटी वाओसा बाहेर आली. तिनं चटई उचलली.

"फुआतिनो, तू गं कशाला? लस घ्या, लस घ्या म्हणून तूच तर दारोदार फिरत होतीस."

"सेमिसी माझा भाऊ आहे."

"मग तो कुठाय?"

"ब्रिस्बेनला."

"तिथून बोलता येतं की त्याला. बोलतोच आहे."

तेवढ्यात लूपे दारात आली. तिला कुणीतरी तुझा व्हिडिओ पाठवला होता. त्यात शेवटी तू म्हणालास ते आठवतं? "ज्यांच्या आया नीट पोसतात, ती मुलं मरत नाहीत." लूपेचे कपडे छातीवर ओले झाले होते, अजून पान्हा आटलेला नाही. मला म्हणाली, "ताई, खरं सांगा. माझं दूध वाईट होतं का?"

मी उठून तिला कुशीत घेतलं.

वाओसानं आम्हा दोघींना आत नेलं, कोको दिला. लूपेचा नवरा परसात निघून गेला. निघताना वाओसानं चटईची नीट घडी करून माझ्या हातात परत दिली. "तुमच्यावर राग नाही. पण ही मी घेणार नाही. ज्यानं द्यायची, त्यानं तिच्याखाली बसून द्यावी."

आणखी एक. तेउइलाला लस दिली. या घरात लस द्यायची राहिलीय हे कळावं म्हणून पेनिनानंच दाराबाहेर लाल फडकं बांधलं आणि लसवाले आल्यावर मुलीला मांडीवर घेऊन बसली. तुला विचारलं नाही. घरात राहायचं की नाही, हेही ती तुला विचारणार नाही, कारण घर आईनं माझ्या नावावर ठेवलंय.

व्हिडिओ आजच्या आज काढ. पण तेवढ्यानं सुटशील असं समजू नकोस. विमानात बस आणि ये. वाओसाच्या अंगणात एकटा बस. मी शेजारी नसेन, माझं बसून झालंय. दगड पडला तर पडू दे. आणि चटई उचलली गेली, की सगळ्यांत आधी लूपेकडे बघून तुझ्या त्या मोठ्या आवाजात सांग, की तिच्या दुधात काहीही वाईट नव्हतं.

तोवर मला ताई म्हणू नकोस.

फुआतिनो