सहाव्या मजल्यावरून बारा हजार फूट

२ एप्रिल
ठरलं. मे महिन्यात हिमाचल. दोन दिवसांचा ट्रेक, शिखर बारा हजार फूट. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. सुजाताला बर्फ दाखवीन म्हणून केव्हाचा शब्द दिलाय. तिला झेपेल का, हीच काळजी. माझं काय, मी मॅनेजर असूनही दिवसभर उभाच असतो.

५ एप्रिल
सुजाता उद्यापासून रोज पहाटे घरून, डोकमर्डीहून, नरोली रोडने चालणार म्हणे. हसू आलं. चालता सगळ्यांनाच येतं. खरा प्रश्न उंचीचा. आमचा सिल्वासातला सूत कारखाना सहा मजली आहे. यापुढे दुपारचा डबा सहाव्या मजल्यावर. शरीराला उंचीची सवय लागेल.

११ एप्रिल, दुपार
डोकं फिरलंय. चिंधा फिटर, शिरपूरचा, लिफ्टच्या दारात भेटला. डबा घेऊन वर कुठे, म्हणाला. सांगितलं. म्हणतो, साहेब, डोंगरले लिफ्ट ऱ्हास का? डोंगराला लिफ्ट असते का म्हणे! चार ऑपरेटर फिदीफिदी हसले. मेमो काढणार होतो. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.

२४ एप्रिल
आजपासून जिना. चिंधाला दाखवतोच.

२५ एप्रिल
गुडघा. लिफ्ट.

१२ मे, सकाळी ७
चढाई सुरू. गाइडचं एकच पालुपद: हळू चला, पाणी प्या. सहा तास लागतील म्हणे. असला कामचोर माझ्या शिफ्टला असता तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर! मी चार तासांत जाणार. सुजाता निमूट त्याच्या मागे चाललीय.

सकाळी ११
मुक्कामाचा तंबू गाठला. पहिला नंबर. कौतुक करायला इथे कुणीच नाही.

संध्याकाळी ५
डोकं ठणकतंय. दोन उलट्या. राजमा कच्चा होता. खाल्ला नाही, पण वासावरून कळतं. गाइडने बोटाला ऑक्सिमीटर लावला. ७४. यंत्र बिघडलंय. सुजाताला लावलं तर ९१. त्याच यंत्रावर! कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट मागितलं. सगळे हसले. इतका संताप जन्मात आला नव्हता. मला आत्ताच्या आत्ता खेचरावरून खाली पाठवतायत. सुजाताने विचारलं, मी येऊ का? नको म्हणालो. नवऱ्याने नको म्हटलं तरी बायको येते, असा माझा अंदाज. ती म्हणाली, बरं.

१३ मे, दुपार
खाली, चहाच्या टपरीवर. डोकं दुखायचं थांबलं. सुजाताचा फोटो आला. शिखरावर, बर्फात बसलीय. झूम करून पाहिला. इतकं हसताना सिल्वासात कधी दिसली नाही. भयंकर राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून चहावाल्यावर काढला.

१९ मे, सिल्वासा
सुजाताने सप्टेंबरच्या ट्रेकचा फॉर्म भरला. चौदा हजार फूट. एका माणसाचा. मला तेव्हा रजा मिळणं अवघडच आहे. तिने विचारलं तर हेच सांगणार.
अजून विचारलेलं नाही.