माणशी एक मूठ

शनिवार, २० ऑगस्ट २०२२. सकाळचे साडेसहा. वसतिगृहाच्या पायरीवर बसून पोत्याचं भोक शिवतो आहे. इथल्या पोरांना रांधून वाढणारा मीच, म्हणून आज वरच्या आळीत तांदूळ मागायला जायचं.

संध्याकाळी –
वरची आळी कोरडी! सुई नावाच्या बाईने आपला डबा माझ्यासमोर पालथा करून बुडावर थापा मारल्या. "लष्कराची शाळा ना तुमची? मग चौकीवर जा मागायला!" बायका खिदळल्या. मी काय भीक मागतो? भात चढवण्याआधी जेवणाऱ्या माणशी एक मूठ देवाच्या डब्यात काढायची, ही आजोबांच्या वेळची रीत. चर्चने ते तांदूळ शाळेच्या पोरांना लावून दिलेत. पण लष्कराने सत्ता बळकावल्यावर निषेध म्हणून बाकीच्या शाळा बंद असताना मेन किम बाईंनी आमची चालू ठेवली, चौकीवरच्या कप्तानाला चहा पाजला – झालं, आम्ही फितूर! बंदुकीला चहा नाही म्हणून दाखवा की.

फक्त पी इयांग आजीचा डबा भरलेला. घरात म्हातारी आणि सून, दोनच तोंडं, आणि तांदूळ सरळ तिघांचे. मुलगा हरांग लष्कराशी लढणाऱ्या रानातल्या पोरांत गेलाय, त्याच्यासाठी नवस बोलली असेल. "इतके?" म्हटलं, तर खेकसली, "घे आणि चालता हो."

रविवार, २१ ऑगस्ट
चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही.

बुधवार, २४ ऑगस्ट
मक्याची पेज. तीही पातळ. धाकटी पोरं विचारतात, "दादा, भात कधी?"

शनिवार, २७ ऑगस्ट
आता पी इयांगसुद्धा! "तांदूळ नाहीत." मागे चुलीवर भात रटरटत होता – लग्नाला काढतात तेवढं पातेलं!
"मग ते काय शिजतंय?"
"तुझ्या मयताचं जेवण!"
सून दार ओढून घेत हळूच म्हणाली, "भाऊ, नको रे येऊस परत."
देवाचा वाटा खातात आणि वर तोंड करून बोलतात! बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणाच्या पातेल्यात किती, ते बघत बसू नकोस. आणि बाहेर तर बोलूच नकोस." मग पोरांना काय वाढू – स्तोत्रं?

मंगळवार, ३० ऑगस्ट
दुपारी कप्तान आला. बाई वर्गावर होत्या, चहा मीच दिला. मुलांकडे बघून म्हणाला, "पोरं वाळलीत रे." महिनाभरात मला एवढंही कोणी विचारलं नव्हतं. मी भडाभडा बोललो. सुईचा पालथा डबा, वरची आळी, आणि ती म्हातारी – "घरात दोघी, पण आधी तिघांच्या मुठी द्यायची, साहेब. आता दाणा नाही, आणि पातेलं मात्र हे एवढं!"
तो हसला. "तिसरा कोण जेवतो?"
"नवस असेल, साहेब."
"आणि आता एवढं पातेलं?"
 त्याने चहा अर्धाच ठेवला आणि निघाला.

बाई वर्गातून आल्या. "काय बोललास त्याच्याशी?"
"तांदळाचंच."
"कुणाच्या तांदळाचं?"
नाव सांगितलं. बाई चपला न घालताच वरच्या आळीकडे धावल्या. त्या चिंचोळ्या वळणावर पोचल्या, तोवर लष्कराच्या दोन गाड्या त्यांना ओलांडून वर गेल्या होत्या.

बुधवार, ३१ ऑगस्ट
पी इयांगच्या माळ्यावर हरांग होता. त्याच्याबरोबर आणखी तिघं, दोघांना जखमा. हरांगला अंगणातच गोळी घातली. बाकीच्यांना बांधून नेलं, म्हातारीला आणि सुनेलाही. सैनिक दुसऱ्या एकाही घरात शिरले नाहीत.
मी तांदळाचंच बोललो होतो. दुसरं काहीच नाही.
बाई माझ्याशी बोलत नाहीत.

शनिवार, ३ सप्टेंबर
जायचं नव्हतं. पोरांसाठी गेलो. मी हाक मारायच्या आधीच दारोदार डबे बाहेर ठेवलेले, काठोकाठ. सुईने आपला दोन्ही हातांनी पुढे केला.
"एवढे पुरतील ना, साहेब?"
मुलं आज पोटभर भात जेवली.