आठवा डबा

२ नोव्हेंबर

आलो एकदाचा! स्टेशनमास्तर म्हणून माझं पहिलंच स्टेशन, आणि तेही असं की चार पावलं टाकली की फलाट संपतो. मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट रूळ दिसतात. ही नाक मुरडेल, चिमणी मात्र खिडकीतून हलायची नाही. तिची परीक्षा आटोपली की चौदा तारखेला मायलेकी येतील. तोवर माझ्या हातचं करपलेलं खायचं. इथल्या रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्यांना सगळे गडबडेकाका म्हणतात, बहुधा जन्मात कधी त्यांनी गडबड केली नाही म्हणून. दिवसाला एकच पॅसेंजर, चार दहाची. मी रिकामा बसेन अशी साहेबांना धास्ती, म्हणून शंभरीनिमित्त स्टेशनचा इतिहास लिहायचं काम गळ्यात मारलंय. कपाटभर जुनी रजिस्टरं आहेत. मजा येणार.

५ नोव्हेंबर

दगडाच्या खाणीसाठी हे स्टेशन बांधलं. खाण बंद पडली, स्टेशन राहिलं. पहिल्या मास्तरांनी फलाटावरच्या झाडांचीसुद्धा नोंद ठेवलीय, काय हौस!

आज पॅसेंजरचे डबे आठ मोजले. मागच्या स्टेशनचे मास्तर फोनवर सात म्हणाले होते. मार्ग एकेरी, गाडी पूर्ण आली हे बघूनच मी पुढच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे यायची परवानगी, द्यायची. म्हणून पुन्हा विचारलं. ते खो खो हसले आणि चष्मा लावा म्हणाले.

८ नोव्हेंबर

रोज आठच. शेवटचा डबा जुनाट, विटकरी, खिडक्या बंद. त्यात कुणी चढत नाही, उतरत नाही. साहेबांना कळवलं तर त्यांनी झापलं: गाडी सात डब्यांची आहे, भलतंसलतं लिहू नका. नवी जागा, कशाला विकतचं दुखणं? सात लिहून टाकले.

११ नोव्हेंबर

त्रेपन्न वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडलं. नोंद अशी: गाडी पूर्ण आली, डबे सात, लाइन क्लिअर दिली. खाली चौकशीचा शेरा: डबे आठ होते. आठवा तुटून डोंगर कापून केलेल्या कटिंगमध्ये राहिला, इथून हाकेच्या अंतरावर. मागून मालगाडी आली. एकतीस माणसं गेली.

काकांना विचारलं. तेही आठ मोजतात, कित्येक वर्षं. माझ्याआधीचे मास्तर आठच लिहायचे, म्हणून वेडे ठरले, बदलले गेले. सात लिहिणारा मीच. काका मान खाली घालून म्हणाले, इथं लिहिलं की तसंच होतं, मास्तर.

आज आठ लिहायला बसलो. साहेब आठवले. हात सातवरच गेला. लाज वाटते.

१३ नोव्हेंबर

हिला फोन केला, येऊ नकोस म्हणून. कारण विचारलं, काय सांगणार? सामान बांधून झालंय, काय पोरखेळ करता, असं म्हणून तिनं ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर

दुपार. मागच्या मास्तरांचा फोन. वहिनी आणि चिमणी तिथं गाडी बदलून नीट बसल्या. पुढे गर्दी होती, म्हणून त्यांनीच शेवटच्या डब्यात बसवलं, अख्खा मोकळा होता. रंग विचारला. विटकरी. गाडी सुटलीसुद्धा.

४.१२. गाडी आली. डबे सात. पुन्हा मोजले. सात. ही नाही. चिमणी नाही.

फोन केला, मालगाडी सोडू नका. सुटली म्हणतात. लाइन क्लिअर तुम्हीच दिलीत की, आत्ता, आवाज ओळखतो मी.

मी नाही दिली. नाही दिली हो—

रजिस्टर उघडलं. गाडी पूर्ण आली, डबे सात. अक्षर माझं. शाई ओली.

काका लाल झेंडा घेऊन कटिंगकडे पळालेत. मी फोन सोडू शकत नाही, साहेब उचलत नाहीत. मालगाडीची शिट्टी— जवळ— रजिस्टरातलं खोडतोय, खोडलं जात नाही. कागद फाटला, अक्षर खालच्या पानावर तसंच. म्हणून इथे लिहितो, लिहिलं की होतं ना— डबे आठ आले. आठ. आठव्या डब्यातून ही उतरली आणि चिम