पंख धरायला कुणीतरी लागतं

दि. ३, सोमवार
दुपारी, भांडी आवरल्यावर

चि. भिंगरीस,

आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहोत, माझा उजवा गुडघा सोडून. त्याला मी हल्ली घरातला धरत नाही. नव्या नोकरीत तू रुळलीस असं तुझी आई सांगते. मला तू काहीच सांगत नाहीस. फोनवर "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नकोस, मजकूर वाच.

पत्राचं कारण तुझं जाकीट.

तुझ्या त्या उडायच्या क्लबातून फोन आला की तुमच्या मुलीचं कपाट बंद पडून आहे, सामान घेऊन जा. तुझी आई म्हणाली, भिंगरीनं सगळं टाकून द्यायला सांगितलंय. त्या जाकिटाला अस्तर मी लावलंय. मी लावलेलं अस्तर टाकायला या घरात अजून कुणी जन्मलेलं नाही. पिशवी घेतली आणि बसनं गेले.

तू कधी नीट सांगितलं नाहीस ती जागा कशी आहे. मला वाटलं होतं काहीतरी काचेची इमारत असेल. बघते तर नुसतं माळरान, पत्र्याची शेड, मोडक्या खुर्च्या आणि मोठ्या किटलीत चहा. आणि गवतात तुमचं ते बिनइंजिनाचं ग्लायडर, एक पंख जमिनीला टेकून पडलेलं, दुपारी ओट्यावर कलंडलेल्या माणसासारखं. मी मनात म्हटलं, हे उडणार? पोटाखाली एकच चाक, धड उभंही राहता येत नाही.

मग एक जण गेला आणि त्यानं पंखाचं टोक उचललं. हातगाडी उचलतात तसं नाही. ताटावरची जाळी उचलावी तसं, बोटांनी. आणि ते सगळं धूड सरळ झालं. लांब मैदानाच्या त्या टोकाला दोरी गुंडाळणारं इंजिन घरघरलं, गवतातली दोरी ताठ झाली, तो पंख धरणारा दोन-चार पावलं पळाला, आणि त्याचा हात रिकामा राहिला. ते गेलेलं होतं. वर. सरळ वर, भिंतीवर पाल चढते तसं.

माझ्या हातात चहा होता. गार चहा मी पीत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी प्यायले.

आता मुद्द्याचं. तू घरात सगळ्यांना सांगितलंस की उडणं परवडत नाही म्हणून सोडलं. ठीक आहे, पैशाचं कारण मला कळतं. म्हणून मी चौकशी केली. इंजिनवाल्या छोट्या विमानात एक तास बसायचं तर मला सहा घरांचे पडदे शिवावे लागतील. चौघांनी मिळून पेट्रोल वाटून घेतलं तरी दीड घराचे. डोंगरावरून कापडी पंख बांधून उडी मारतात ते पुढे स्वस्त पडतं, पण आधी तो पंख विकत घ्यावा लागतो आणि कड्यावरून पळत सुटावं लागतं. (पंखाची शिलाई बघितली मी. चांगली आहे.) आणि तुमच्या क्लबात दोरीनं एकदा वर जायला लागतात तेवढे पैसे तू केस कापायला देतेस, आणि कापले म्हणून कुणाला कळतही नाही. बाकी सगळं काम करून फेडायचं: कुणी दोरी ओढून आणतं, कुणी गवत कापतं, कुणी पंख धरतं. पगार कुणालाच नाही. माणसानं उडायचं म्हटलं तर याहून स्वस्त मला तरी सापडलं नाही, आणि मी बाजारात कशी फिरते ते तू बघितलंयस.

मग परवडत नाही म्हणजे काय, ते मला कळलं नाही. विचारत नाही. नुसतं लिहिते.

जाकिटाची चेन बिघडली आहे. दुरुस्त करून पाठवीन.

आजी


दि. २४, सोमवार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. पाकीट एवढं मोठं आणि आत दोन ओळी. "आजी, तू तिथे जात जाऊ नकोस. जाकीट राहू दे." अशी पत्रं वीजबिलवाले पाठवतात.

जाऊ नको म्हणालीस, पण आता जावं लागतं. त्यांच्या ग्लायडरांवर घालायची झाकणं फाटली होती. जाड कापड, आणि कुणीतरी शिवून ठेवलं होतं ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, हे कुणी शिवलं? तो तुमचा शिकवणारा लांबू, खुर्चीत बसला की गुडघे कानाला लागतात तो, मान खाली घालून म्हणाला, मी. मी म्हटलं, विमान बरं चालवत असशील अशी आशा करते. तेव्हापासून दर रविवारी मशीन त्यांच्या शेडमध्ये आणि मी मशीनवर. तुझ्या आईला सांगितलंय की एका ऑफिसचं शिलाईचं काम मिळालं. ऑफिसला छप्पर पत्र्याचं आहे एवढंच सांगितलं नाही.

काम करताना कान मोकळे असतात. पण मी कुणाला काही खोदून विचारलं नाही, हे आधीच लिहून ठेवते.

दोरीचं इंजिन चालवणारे ते, ज्यांना तुम्ही दोरीकाका म्हणता (माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, मी कशाला काका म्हणू), त्यांच्या केबिनमध्ये मी सीटचं माप घ्यायला गेले होते. तिथे एका खिळ्याला पत्र्याच्या पट्ट्या लटकवल्या आहेत. बोटाएवढ्या, सगळ्या मध्ये भोकाशी तुटलेल्या. मी विचारलं, हे भंगार कशाला जपता? ते म्हणाले, दोरी आणि ग्लायडर यांच्या मध्ये ही एक पट्टी मुद्दाम कमी ताकदीची ठेवतात. वाऱ्याचा झटका आला, ओढ जास्त झाली, की ही तुटते. ही तुटली नाही तर पंख तुटेल.

मला हे लगेच समजलं. नवं कापड अंगावर बसवून बघताना आपण कच्चा टाका घालतो तो याचसाठी. ताण आला तर टाका उसवावा, कापड फाटू नये. मी हे त्यांना सांगितलं तर ते खूश झाले आणि पट्ट्यांमधली एक काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, ही तुमच्या नातीची.

मग त्यांनी सांगितलं. तू एकटीच होतीस आत. निम्मंही वर गेली नव्हतीस तर पट्टी तुटली. नाक आभाळाकडे, दोरी सुटलेली, आणि खाली फार थोडी जागा. तू नाक खाली घातलंस आणि समोर सरळ उतरलीस. गवतावर ओरखडासुद्धा नाही. ते म्हणाले, मी इतकी वर्षं बघतोय, यापेक्षा चांगलं कुणी उतरवलेलं नाही. सगळे धावत आले तर तू हसत होतीस. चहा प्यायलीस. सगळ्यांशी बोललीस. जाकीट कपाटात अडकवलंस. आणि परत आली नाहीस.

हे तू घरी कुणाला सांगितलं नाहीस. मीही सांगितलेलं नाही.

घाबरू नकोस वगैरे मी लिहिणार नाही. तसं लिहिणारी आजी हवी असेल तर दुसरी बघ. पट्टी या पाकिटात घालते. टाकू नकोस, दोरीकाकांना परत द्यायची आहे. (बघ, मीही म्हणायला लागले.)

चेन दुरुस्त झाली. पण जाकीट जरा उशिरा पाठवते. खांद्यात थोडं सैल करायचं आहे.

आजी


दि. १५, सोमवार
सकाळी, कुणी उठायच्या आत

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. पट्टी पोचली असेल असं धरून चालते.

तुझ्या आईचा खोकला थांबला. शेजारणीनं गच्चीवर नवी तार बांधली आहे आणि आमच्या चादरींवर तिच्या सतरंज्या ठिबकतात. पाण्याची टाकी धुवून घेतली. आणखी काय. दळण संपत आलंय.

हां, आणि मी उडाले.

आता हसून घे. मग पुढचं वाच.

झाकणं शिवून झाली तेव्हा लांबू म्हणाला, शिलाईचं काय द्यायचं? मी म्हटलं, तुमच्याकडे आहे काय द्यायला? त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. त्यानं डॉक्टरचा कागद मागितला, तो आणला. चारचौघांत वजन विचारलं, तेही सांगितलं. पुढच्या सीटवर मला बाहेरचं दिसेना म्हणून मी शिवलेल्या दोन उशा खाली घातल्या. जाकीट तुझं घातलं होतं. खांद्यात सैल कशाला करत होते ते आता तुला कळलं असेल.

निघायच्या आधी मी लांबूला विचारून ठेवलं होतं की तुझी पट्टी कुठे तुटली. त्यानं बोटानं दाखवलं, शेडमागच्या निलगिरीच्या दुप्पट उंचीवर. मी ती जागा डोक्यात ठेवली. सीटच्या पट्ट्यानं मला आवळून बांधलं, वर काचेचं झाकण बसलं. पंख कुणीतरी उचलला. दोरी ताठ झाली. मग पाठीत असा धक्का बसला की मला वाटलं बसचा ड्रायव्हर आहे. समोरचं गवत गेलं, शेड गेली, सगळं गेलं, फक्त आभाळ राहिलं. आणि ती जागा आली.

तिथे मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. आपल्या घरात ते आता दोघींना माहीत आहे. तुला आणि मला.

मग ती जागा खाली गेली.

वर गेल्यावर खालून खट्ट असा आवाज झाला, लांबू मागून म्हणाला, दोरी सोडली. आणि नाक खाली आलं, आणि जग परत दिसलं. भिंगरे, मी त्र्याहत्तर वर्षं जमिनीवर घालवली आणि जमीन कधी बघितलीच नव्हती. मला वाटायचं ती आपल्या दारापासून नाक्यापर्यंत असते. तिला कड नाही. ती लांब जाते, निळी होते, आणि मग कुठे तरी आभाळच होते, आणि त्या दोघांच्या मध्ये शिवण दिसत नाही. मी शोधली. मला शिवण सापडत नाही असं कधी झालेलं नाही.

आमची गल्ली बोटभर. गच्चीवर माझ्या चादरी, पांढरे ठिपके. त्या शेजारणीच्या सतरंज्या पण दिसल्या. तिथून बघितल्यावर वाटलं, ठिबकू देत.

आवाज नाही. वारा काचेवरून सरकतो तेवढा, इस्त्री कापडावरून जाते तसा. मी लांबूला विचारणार होते की इंजिन नाही तर आपण पडत कसे नाही, तेवढ्यात तो म्हणाला, डावीकडे बघा.

एक घार होती. पंख न हलवता गोल फिरत वर चालली होती. लांबू म्हणाला, जिथे ऊन तापून हवा वर येते ते तिला बरोबर कळतं, आपण तिच्या मागे जायचं. आणि आम्ही गेलो. तिच्या गोलात आमचा गोल. ती इतक्या जवळ होती की मला तिच्या पोटाखालचं एक वाकडं पीस दिसलं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. शेजारीण नव्या भाडेकरूकडे बघते तसं. मग काही हरकत नसावी तिची, फिरत राहिली. आणि खालून काहीतरी आम्हाला उचलत होतं. काहीच नव्हतं तिथे, आणि ते उचलत होतं. मी हात काचेला लावून बसले होते.

तुझी आई म्हणते मी झोपेतही बोलते. उतरल्यावर लांबूनं विचारलं, कसं वाटलं? मला बोलता येईना. तो घाबरला, कुणाला तरी पाणी आणायला पळवलं. दोरीकाका लांबून चालत आले आणि म्हणाले, राहू द्या त्यांना, त्या अजून वरच आहेत.

हे तू दर रविवारी बघत होतीस. आणि घरी येऊन जेवायला बसत होतीस, मी म्हणायचे, भाजी घे, आणि तू घ्यायचीस. मला आता कळलं की तू गप्प का असायचीस. आणि हे सोडून तू तिकडे काय करत असशील, तेही कळलं. ते लिहीत नाही.

परवडत नाही हे कारण मी खोडून काढलं आहे. दुसरं काही कारण असेल तर ते घेऊन ये, तिथे चहा पिता पिता बघू. घाबरलेलं माणूस वर जातं. मी गेले.

जाकीट पाठवत नाही. तुझ्या कपाटात परत अडकवलंय आणि किल्ली माझ्याकडे आहे. खांदे माझ्या मापाला सैल केलेत, पण कच्च्या टाक्यानं. तू आलीस की उसवून तुझ्या मापाला पक्के शिवीन.

एक गोष्ट मला तिथे पहिल्या दिवशीच समजली होती, पण लिहायची राहिली. एवढं मोठं ग्लायडर, पण एकट्यानं त्याला निघता येत नाही. पंख धरायला कुणीतरी लागतं. लांबूनं मला शिकवलंय. घट्ट धरायचं नाही, मागे ओढायचं नाही, हाताला वाटलं की ते निघालं, की सोडायचं. दोन-चार पावलं पळावं लागतं. गुडघ्याशी मी बोलून ठेवलंय.

रविवारी पंख धरून उभी राहीन,
तुझी आजी