प्रसूतीच्या खोलीची भिंत

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीची वाट बघत बसले आहे, आणि डोक्यात इराकमधली एक भिंत आहे, जी मी कधी पाहिलेलीच नाही. तुमच्याशिवाय ती कुणाला समजावून सांगावी, सुचत नाही.

आपल्याकडच्या भूकंपानंतर तुम्ही पुनर्वसनाच्या घरांवर इंजिनिअर होतात, तेव्हा सुट्टीत एकदा मला साइटवर घेऊन गेला होतात. मी नुकतीच इंजिनिअरिंगला गेलेली, मोठी शहाणी. कंत्राटदारानं खुर्ची दिली, उसाचा रस मागवला. "माणूस चांगला वाटतो, बाबा," मी म्हणाले. तुम्ही सगळ्यांदेखत उखडलात. "वाटतो म्हणजे काय? भिंतीला हात लावलास का?" मग तुम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बायकांना हाका मारता. ज्यांची घरं, त्यांनाच विटांमधला सांधा खिळ्यानं खरवडायला लावता. "खिळा घसरला तर ठीक. वाळू सांडली तर मला सांगायचं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय याचं बिल निघणार नाही." एक बाई खरवडते आणि वाळू भुरुभुरु तिच्या पायांवर पडते. ती घाबरून तुमच्याकडे बघते, जणू तिनंच काही मोडलंय. ती भिंत तुम्ही त्याच दुपारी पाडायला लावलीत. पुढे लवकरच तुमची बदली झाली, आणि आईनं डाळ-तांदळाचे डबे आदळत पोत्यात भरले. मला तुमचा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता.

इथली आमची कंपनी इराकमध्ये युद्धानंतर चाललेल्या बांधकामांच्या तपासणीचं सॉफ्टवेअर करते. तिथे इतका धोका की तपासनीस साइटवर पोचतच नाहीत. कंत्राटदार स्वतःच फोटो पाठवतो आणि स्वतःच पास होतो. म्हणून मी तुमची रीत उचलली. ज्यांच्यासाठी इमारत, त्यांना तक्रार करता यावी आणि ती मिटेपर्यंत शेवटचं बिल अडावं, अशी सोय मी सिस्टीममध्ये घातली. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. मीही हुरळून गेले.

पहिलीच तक्रार एका नर्सची आली, दुभाष्यानं इंग्रजीत करून पाठवलेली. नव्या दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीची भिंत नखानं उकरली जाते, छत झिरपतं, इथे बाळंतिणींना कसं ठेवू? बिल अडलं. तुमच्या साइटवरची ती बाई इतक्या लांबून मला हाक मारते आहे असं वाटलं, आणि मी डेस्कवर बसून रडले.

त्याच आठवड्यात माझा मॅनेजर खुर्ची ओढून शेजारी बसला. नागपूरचा आहे, आम्ही मराठीतच बोलतो. "ते बिलावरचं लॉक ऑप्शनल करून टाक ना यार. क्लायंटला प्रोजेक्ट क्लोज करायचंय."

"अरे, भिंत हातात येतेय तिथे. बायका डिलिव्हरीला येणार त्या खोलीत."

"तू पाहिलीस का भिंत? मी पण नाही पाहिली. तुझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, कशाला पंगा घेतेस?"

तो वाईट नाही, बाबा. त्याच्या आवाजात माझी काळजीच होती, आणि म्हणूनच जास्त संताप आला.

मी लॉक काढलं. काम ते केवढं, जेवणाच्या सुट्टीआधी आटोपलं. सोमवारी नर्सच्या तक्रारीपुढे 'निकाली' असं आलेलं होतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. बिल गेलं, दवाखाना सुरू झाला. आता त्या खोलीत कुणी कळा देत असेल, वर ते छत असेल. ते पडलं का, हेही मला कधी कळणार नाही, कारण कळायची एकच वाट होती आणि ती मीच बुजवली. तुमची निदान भिंत तरी पडली, बदली होण्याआधी. माझं इथे काहीच हललं नाही, टेबलसुद्धा जागच्या जागी आहे. कंत्राटदाराची चोरी अडवता येते असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, ते बरंय. कारण खरं सांगते, तुम्ही असतात तर यातला एक शब्दही मी लिहिला नसता. रविवारी फोनवर तुम्ही विचारलं असतंत, "काम कसं चाललंय?" आणि मी म्हणाले असते, "एकदम मस्त, बाबा."