आईचा शेवटचा परांग

पारामिन, त्रिनिदाद

अँसेल्म,

टोरांटोहून दहा वर्षांनी नाताळला आलास आणि केलंस काय, तर नाताळची परांग गाणी गात दारोदार फिरणाऱ्या परांगवाल्यांच्या तोंडावर फाटक लावलंस! म्हणे, "आई आजारी आहे, गोंगाट नको." अरे, चाळीस वर्षं त्यांचे म्होरके युसेबियोकाका आधी आपल्या घरी गातात, मग पुढे जातात. त्यांच्यासाठीच आईनं अंथरुणातून माझ्याकडून नवे पडदे लावून घेतले, केळीच्या पानांत मक्याच्या पिठाचे, खिमा भरलेले पास्तेल बांधून घेतले.

"गाणी ऐकू आली गं, मग आत का नाही आले?" तिनं विचारलं.

सकाळी तू चर्चमध्ये असताना मी काकांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या भावाचा राग आईवर कशाला काढू?" आणि सगळ्यांना घेऊन आले. आई पडल्या पडल्या त्यांच्याबरोबर गायली.

"कुणी बोलावलं यांना?" तिनं विचारलं. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तुला आशीर्वाद देतच ती आठवड्यानं गेली.

काल दफनानंतर तू लोकांना सांगत होतास, "शेवटी आई माझ्यावर फार खूश होती." होती रे. पण का, ते तुला माहीत नाही, आणि सांगायचा मला धीर नाही; हे पत्रही माझ्या पेटीतच राहील.

अजून धुमसणारी तुझी बहीण,
सिरिला