‘ह्य’ची गाठ

१ नोव्हेंबर
नवी वही. नियम: थोडक्यात लिहायचं, शुद्ध लिहायचं.
बचत योजनेचे बारा महिने काल पूर्ण. एकही महिना चुकला नाही. योजना अशी: आमच्यासारख्यांनी, म्हणजे अपंग आणि कमाई बेताची, एक रुपया टाकला की ऑफिस त्यावर दोन घालतं. वस्तू मात्र कामधंद्याची हवी आणि खरेदीचा अर्ज ३० तारखेला पाचच्या आत खिडकीवर पोचायला हवा. नाहीतर आपले तेवढे परत, वरचे दोन गेले.
वस्तू ठरलेली आहे. मी काम करतो त्या दुकानातलं रबरी शिक्के बनवायचं मशीन. मालक दुकान बंद करून लेकीकडे राहायला चाललेत. मशीन तुलाच, पाच डिसेंबरपर्यंत थांबतो, म्हणाले. समोरचा प्रिंटिंगवाला रोज येऊन मशीनवर हात फिरवून जातो. फिरवू दे.
अर्ज एका पानाचा. एका संध्याकाळचं काम.

४ नोव्हेंबर
अर्ज भरायला बसलो. छापील अर्जातच चूक. ‘खरेदीचे उद्देश्य’. हवं ‘उद्देश’. उद्देश्य व्याकरणात असतं, खरेदीत नाही. चुकीच्या शब्दाखाली बरोबर उत्तर कसं लिहायचं? ऑफिसला पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत थांबणं भाग आहे.

९ नोव्हेंबर
उत्तर नाही.
मला कमी ऐकू येतं म्हणून ताई चिठ्ठीवर लिहून विचारते. आजची चिठ्ठी: ‘आर्ज दिलास का?’ लाल पेनाने काना खोडून परत दिली. तिने खाली लिहिलं: ‘मास्तर, आधी आर्ज.’ काना परत तिथेच.
ताई औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरते. बसचे पैसे वाचवून वर्षभर माझ्या खात्यात घातले. येता-जाता पायी. तिला चालणं मानवतं.

१३ नोव्हेंबर
‘हे यंत्र का हवे ते शंभर शब्दांत लिहा.’ माझे १६३ झाले. कापले. आता ९७. तीन शब्द कमी पडतात. शोधतो आहे. घाई केली की भरीचे शब्द येतात.
यात शाळेचं लिहिलं नाही. नववीत सोडली, कारण सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. पाठीवरून ओठ वाचता येत नाहीत. पुढचं सगळं शब्दकोशातून.

१७ नोव्हेंबर
महत्त्वाचा दिवस. योजनेच्या ऑफिसातल्या खिडकीवरच्या बाई दुकानात आल्या. नव्या शिक्क्याची ऑर्डर. कागदावर मजकूर: ‘मूदतबाह्य’. मी ‘मू’ लाल केला. बाई बघतच राहिल्या. मालक म्हणाले, हा आमचा अनुस्वार. याला पगार दिला नाही तरी चालतं, चुका दिल्या की पोट भरतं.
बाईंनी विचारलं, ते उद्देश्यवालं पत्र तुमचंच का? ऑफिसात सगळ्यांनी वाचलं म्हणे. हसल्या. म्हणजे ओळख झाली. अर्जाला फायदाच.
जाताना लिहून दिलं: ‘शिक्का १ तारखेला सकाळी. आणि तुमचा अर्ज त्याच्या आधी, बरं का.’ दोन्ही शुद्ध. माझा परिणाम असावा.

२२ नोव्हेंबर
अर्जाला हात लावता आला नाही. शिक्क्याचं काम. ‘ह्य’ची गाठ बारीक असते. रबरात भरून येते, मग शाई बसते आणि नुसता डाग उठतो. तीन वेळा केला. मालक म्हणाले, अरे बाबा, कागद नाकारायचा शिक्का आहे तो, लग्नाची पत्रिका नाही. ज्याच्या अर्जावर बसेल तो काय ‘ह्य’ बघत बसणार आहे?
मी म्हटलं, मी बघितला असता.

२६ नोव्हेंबर
शंभर शब्द पूर्ण. चौथी स्वच्छ प्रत. तिच्यावर चहाचा थेंब. दमलो आहे. पाचवी उद्या.

२९ नोव्हेंबर
पाचवी झाली. चार दिवस आधी देण्यात तसा अर्थ नव्हता. शेवटी दिलेला अर्ज वरती राहतो, आधी वाचला जातो.

३० नोव्हेंबर, सकाळ
आज.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ ६
पावणेचारला रांगेत दुसरा होतो. पुढे चाकाच्या खुर्चीतला शिंपी. त्याच्या अर्जात ‘शिलाइ मशिन’, दोन ठिकाणी खाडाखोड, एका कोपऱ्यावर तेल. वाईट वाटलं त्याच्याबद्दल. बाईंनी पोच दिली.
तेवढ्यात माझ्या सातव्या ओळीत दिसलं: ‘दुरूस्ती’. रु दीर्घ! माझ्या हातून! बाईंनी हात पुढे केला होता. मी खूण केली, एक मिनिट. घरी गेलो, सहावी प्रत काढली.
परत पोचलो तेव्हा पाच वाजून सात मिनिटं. खिडकी बंद.
काळजीचं कारण नाही. उद्या सकाळी शिक्का द्यायला जायचंच आहे. दोन्ही कामं एका खेपेत. एक दिवस म्हणजे काय, आणि त्या मला ओळखतात.

१ डिसेंबर
आधी शिक्का दिला. बाईंनी कोऱ्या कागदावर उठवून पाहिला, मान डोलावली. मग मी अर्ज सरकवला. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ. आत साहेबांकडे गेल्या. काचेतून साहेबांची मान हललेली दिसली. ओठ वाचायची गरज पडली नाही.
बाईंनी चिठ्ठी दिली: ‘इतका नीटनेटका अर्ज वर्षभरात आला नव्हता.’ मग शिक्का उचलला. पहिलाच कागद माझा.
‘ह्य’ स्वच्छ उठला आहे. गाठ कुठेही भरलेली नाही.
दुकानात आलो तर प्रिंटिंगवाला टेप घेऊन दाराची रुंदी मोजत होता. मालकांनी माझ्या हातातला शिक्का बसलेला अर्ज पाहिला. आज अनुस्वार म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ताई आली. चपला हातातच होत्या, एकीचा अंगठा तुटला होता. उभ्यानेच चिठ्ठी लिहिली: ‘झाल का?’
‘ल’वर अनुस्वार नाही.
लाल पेन उघडलं. परत टोपण लावलं.